चार ते पाच

गुरुवारी चार वाजता मी खोली उघडते.
सोफा, कागदी रुमालांचा डबा, चाक तुटलेला बंब,
भिंतीवर कुणीतरी रंगवलेला जिराफ,
त्याची मान एसीच्या जाळीपाशी अचानक संपते.
मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. मांडीवर फॉर्म.
मला पगार मिळतो तो बघत बसण्याचा.

फोर्तुनाता काल्मो पाळीवर जायच्या आधी येते,
रबरी बूट पिशवीत.
मांसाच्या कारखान्यात ती रात्रभर यंत्रं धुते.
खिडकीबाहेर नेब्रास्का, नजर पोचेल तिथवर मका,
तिच्या गावात असतो तसाच, फक्त हा गुरांसाठी.

एल्मेर सहा वर्षांचा. मनगटावर
शेगडीचा डाग, तांबूस, नाण्याएवढा.
त्या रात्री एकटा होता, अंडं तळायला गेला.
घडलं ते एवढंच. फाईल मात्र आता
माझ्या एका हातात मावत नाही.

पहिल्या महिन्यात मी लिहिलं:
आई मुलाच्या नजरेला नजर देत नाही.
आई खेळणं पुढे करत नाही.
संवाद: नाही.
खरं तर ती बोटांनी त्याचे केस विंचरत होती,
एकेक गुंता सोडवत, तासभर.
त्यासाठी फॉर्मवर चौकट नव्हती.

कोर्टानं दुभाषी दिला, स्पॅनिशचा.
फोर्तुनाता मान डोलवत राहिली,
तारखेला हो, वर्गाला हो, सहीला हो.
चौथ्या सुनावणीला कुणाच्या तरी ध्यानात आलं,
की बाईची भाषा माम आहे, ग्वाटेमालाच्या डोंगरातली,
आणि स्पॅनिश तिला बाजारापुरतं येतं:
मीठ, साबण, किती झाले.

पालकत्वाचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी.
पाळीही मंगळवारी संध्याकाळी.
पाळी सोडली तर भाडं थकणार,
भाडं थकलं की फाईलमध्ये: घर अस्थिर.
हे मला दिसत होतं. मी न्यायाधीशांना सांगितलं नाही.
कुणी विचारलं नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

ज्यांच्याकडे त्याला ठेवलंय त्या व्होबोरिलबाई भल्या आहेत.
त्यांनी त्याला डायनोसॉरचा दिवा आणला,
व्हिडिओ बघून टॉर्टिया थापायला शिकल्या,
जाडजूड होतात, पण थापतात.
वाईट माणूस शोधायला जावं तर सापडत नाही,
हीच तर पंचाईत.

अकराव्या महिन्यात एल्मेर धावत आला,
शाळेतल्या बेडकाच्या पिल्लांबद्दल सांगत सुटला,
शेपटी गळते, पाय फुटतात,
सगळं इंग्रजीत.
फोर्तुनातानं माझ्याकडे पाहिलं.
मी टेबलावर फोन ठेवला. ओकलंडहून विसेन्ता बोलू लागली,
दुभाषी, मिनिटाच्या दरानं.
लेकाची बेडकं तिनं आईला माममध्ये सांगितली.
आई हसली, काहीतरी म्हणाली, बरंच काही.
पोरगं आईकडे नाही,
फोनकडे बघत थांबलं.

मी पेन खाली ठेवलं.

मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.
पेन्सिलीनं सोफ्याची शिवण उसवत एल्मेर पुटपुटला,
आय ॲम हंग्री.
विसेन्तानं तेही इमानेइतबारे पोचवलं.
दोन हजार किलोमीटरवरून, परक्या बाईच्या आवाजात,
आपल्या भाषेत
आपल्या मुलाची भूक ऐकली आणि फोर्तुनाताचा हात
आपसूक पिशवीत गेला, बुटांच्या खाली,
फडक्यात गुंडाळलेल्या चार टॉर्टिया, अजून कोमट.

बाहेरचं अन्न देण्यास मनाई. नियम सहावा,
दारावर दोन भाषांत लावलाय,
तिसरीत नाही.

मी जिराफ बघत बसले.
पहिल्यांदाच नीट बघितला, त्याला पापण्या काढल्यात.
पाच वाजले, पाच वाजून सात झाले.
पाठीमागे खाण्याचा आवाज,
आणि टेबलावर विसेन्ता,
हॅलो? ऐकू येतंय का?
अजून काही सांगायचंय कुणाला?